पोटात ठेवायची गोष्ट

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हाताला लेखणीची सवय ती दुधाच्या हिशेबापुरती. परंतु त्यांनी पाठ सोडली नाही. "इतिहासातल्या एखाद्या बाईवर लिहा," म्हणाल्या. जिजाऊंवर, अहिल्याबाईंवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी जिच्यावर लिहिणार आहे ती बाई आपल्या देशातली नाही आणि माझ्या धर्मातलीही नाही. ज्या सिस्टरांकडे मी शिवण शिकायला जात असे, त्यांनी मशीनवर बसल्या बसल्या मला तिची हकिगत सांगितली. पुढे माझ्या थोरलीने वाचनालयातून पुस्तके आणून मला त्यांचा अर्थ सांगितला. ती हकिगत ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. का आली नाही ते शेवटी सांगते.

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पुराणातही त्याला आधार दाखवतात. कर्ण आपला मुलगा, हे कुंतीने युद्ध संपेपर्यंत पांडवांना सांगितले नाही. ते कळल्यावर धर्मराजाला इतका शोक झाला की यापुढे स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही, असा शाप त्याने दिला. लहानपणी ही कथा ऐकताना मला वाटे, कुंतीने तर जन्मभर गुपित राखले. मग न राखण्याचा शाप आम्हाला का? आज ज्या बाईची गोष्ट सांगते, तिचे गुपित बायकांनी नव्हे, तर विद्वान आणि सज्जन पुरुषांनी प्रथम बाहेर नेले. तेही तिच्या भल्यासाठी!

स्पेन देशात आविला नावाचे तटबंदीचे शहर आहे. तेथे १५१५ साली तेरेजाचा जन्म झाला. ख्रिस्ती लोक तिला आविलाची संत तेरेजा म्हणतात. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण त्या घराला एक झाकलेली गोष्ट होती. तिचे आजोबा मूळचे यहुदी. ते ख्रिस्ती झाले होते, पण मनाने जुनाच धर्म पाळतात या आरोपावरून १४८५ साली टोलेडो शहरात धर्मन्यायालयाने त्यांना शिक्षा केली होती. अंगात शिक्षेचा झगा घालून त्यांना लोकांदेखत मिरवणुकीने चालावे लागले. पुढे ते कुटुंब आविलाला येऊन राहिले आणि ही गोष्ट पोटात घातली. ती इतकी खोल गेली की जुनी कागदपत्रे सापडून ती जगाला कळायला १९४६ साल उजाडले! असेच पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय १५६० साली आपल्या गोव्यात आले आणि १८१२ साली कायमचे बंद झाले. अशा घरातल्या मुलीला बाहेर गेलेल्या शब्दाची किंमत काय असते हे कोणी शिकवायला नको होते.

तेरेजा तेराएक वर्षांची असताना तिची आई वारली. विशीत ती आविलाच्या मठात जोगीण झाली. बरीच वर्षे आजारपणात आणि मनाच्या ओढाताणीत गेली. चाळिशीच्या सुमारास मात्र तिच्या प्रार्थनेत काही वेगळेच घडू लागले. देव अगदी जवळ आहे असा अनुभव तिला वारंवार येई, आणि त्याचबरोबर मोठे भय वाटे की हे खरे की भ्रम? की सैतानाची फसवणूक? भय वाटण्याला कारणही होते. कोर्दोबा शहरात मग्दालेना नावाची एक जोगीण संत म्हणून गाजली होती. राजघराण्यातले लोकही तिला मानीत. तिनेच आपले सारे ढोंग होते असे कबूल केले आणि १५४६ साली धर्मन्यायालयाने तिला शिक्षा दिली. तेव्हापासून एखाद्या बाईला देव दिसतो असे कोणी म्हणाले की लोकांचे कान टवकारत.

आता तेरेजाने करावे काय? आपल्याकडे वारकरी बाईलासुद्धा वाटते की आपल्या मनातले एखाद्या जाणत्याला विचारावे. गुरूवाचून वाट सापडत नाही, ही भावना सगळ्या धर्मांत सारखीच. तेरेजाने आविलातले एक देवभक्त सद्गृहस्थ निवडले. त्यांचे नाव साल्सेदो. त्यांच्याकरवी दासा नावाच्या एका विद्वान धर्मगुरूंची ओळख झाली. तिने आपल्या आयुष्याची आणि पापांची सगळी हकिगत लिहून काढली आणि एका धार्मिक पुस्तकातल्या ओळींना खुणा करून, "माझ्या मनाची अवस्था अशी आहे," म्हणून ते पुस्तकही त्यांच्या हाती दिले. स्वतःचे मन सांगायला तिला शब्द सापडत नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या पुस्तकात खुणा! भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींनी मनातले सांगण्यासाठी अशीच एखादी ओवी पुढे केली असेल!

दोघांनी विचार केला आणि निर्णय दिला की हे सैतानाचे काम दिसते. आविलात त्याच सुमारास येशूसंघाचे धर्मगुरू येऊन राहिले होते. त्यांच्यापैकी कोणाला तरी तिने सगळे सांगावे, असा सल्ला त्यांनी दिला. आलेला धर्मगुरू अगदी तरुण होता, पंचविशीही न गाठलेला. पण त्या पोराने तिला धीर दिला की ही देवाचीच कृपा आहे, प्रार्थना सोडू नकोस. वयाने आणि विद्येने मोठे असणाऱ्यांना जे कळले नाही ते त्याला कळले.

येथपर्यंत सगळे ठीक होते. त्या दोघांनी मिळून विचार करावा हे तेरेजालाही मान्य होते. पण गोष्ट दोघांवर थांबली नाही. ज्यांना ज्यांना तिने विचारले त्यांनी आणखी कोणाला तरी विचारले. "अमक्या मठातल्या बाईला असे असे होते, आपले काय मत?" वाईट हेतू कोणाचाच नव्हता. काळजीपोटीच विचारले. पण एका तोंडून दुसऱ्या कानी असे करता करता गावात बोलबाला झाला. तिची कोणाला कीव आली, कोणाला हसू आले. पुढे तर पाचसहा जणांनी एकत्र बसून ठरवले की हा सैतानच, आणि तसे तिला कळवले. तिचे पापनिवेदन ऐकायलाही कोणी धर्मगुरू मिळणार नाही की काय, अशी तिला धास्ती वाटू लागली. ती लिहिते की तिला इतके भय बसले की दिवसाउजेडीसुद्धा खोलीत एकटी राहण्याचे धैर्य होत नसे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मलाही ती सिस्टरांनी दोनदा समजावून सांगितली. कॅथलिक पंथात आपले मन धर्मगुरूपुढे उघडण्याच्या दोन रीती आहेत. एक पापनिवेदन, ज्याला गोव्याच्या कोकणीत कुमसार म्हणतात. माणूस आपली पापे सांगतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने क्षमा देतो. दुसरी रीत आध्यात्मिक मार्गदर्शनाची. त्यात पापच सांगायचे असे नाही. मनाची ओढ, शंका, भय, प्रार्थनेतले अनुभव सांगायचे आणि सल्ला घ्यायचा. मार्गदर्शक धर्मगुरूच असतो असेही नाही. साल्सेदो तर संसारी गृहस्थ होते.

पहिल्या रीतीभोवती फार पूर्वीच भिंत बांधलेली होती. १२१५ साली रोममध्ये लातेरन येथे मोठी धर्मपरिषद भरली. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, असा नियम तिने केला आणि त्याच नियमात बजावले की ऐकलेले पाप धर्मगुरूने शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे उघड करू नये. जो करील त्याला पदावरून काढून, कडक शिस्तीच्या मठात जन्मभर प्रायश्चित्तासाठी ठेवावे. पुढे तेरेजाच्याच काळात मिलान शहराचे मुख्य धर्माधिकारी चार्ल्स बोरोमेओ यांनी पापनिवेदनासाठी लाकडी आसन करवले. मध्ये फळी, फळीला जाळी. आवाज जावा, पण हात जाऊ नये! बाईमाणसाच्या अब्रूचा विचार त्यात होता.

दुसऱ्या रीतीला मात्र अशी भिंत नव्हती. पापनिवेदनात सांगितलेले बाहेर काढणे हे महापाप. पण सल्ला मागताना सांगितलेले बाहेर गेले तर कोणाच्या नियमात बसत नव्हते. तेरेजाला हा फरक चांगला ठाऊक होता. आपल्या आत्मचरित्राच्या तेविसाव्या प्रकरणात तिने हे अगदी तोलून लिहिले आहे. पापनिवेदनात मी सांगितले ते त्यांनी फोडले असे मी म्हणत नाही. पण मी भ्याले होते, उजेड मिळावा म्हणून त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी गप्प राहायला हवे होते, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याच ठिकाणी ती मार्गदर्शकांना बजावते की बायकांच्या मनातल्या गोष्टी फार जपून ठेवा. आणि इतके सोसूनही तिने त्यांच्यापासून पुढे काही लपवले नाही. एवढे मन माझ्यापाशी नाही.

हे आत्मचरित्रही तिने हौसेने लिहिले नाही. मार्गदर्शक धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिले. १५६२ साली एकदा, आणि १५६५ च्या सुमारास वाढवून पुन्हा. पुस्तकात तिने आपले नाव घातले नाही आणि दुसऱ्यांचीही बहुतेक नावे टाळली. दहाव्या प्रकरणात तर तिने चक्क अट घातली आहे. माझी पापे खुशाल कोणालाही सांगा, जिवंतपणीच सांगा. पण देवाने माझ्यावर केलेल्या कृपेचे जे पुढे लिहिते, ते कोणाला दाखवलेच तर ते कोणाचे हे सांगू नका, तशी माझी परवानगी नाही. चारशे साठ वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या मनातले कोणते बाहेर जावे आणि कोणते जाऊ नये हे स्वतः ठरवले. आपण तर चांगले तेवढे सांगा आणि वाईट झाका म्हणू. तिचे उलटे होते.

पण अट पाळली गेली नाही. १५६९ साली पास्त्राना गावी मठ स्थापन करायला ती गेली असता तेथील एबोलीची राजकन्या पुस्तक दाखवा म्हणून हटून बसली. मठाला जागा तिचीच, आश्रय तिचाच, नाही म्हणवेना. तेरेजाने पुस्तक दिले. थोड्याच दिवसांत ते वाड्यातल्या दासींपर्यंत फिरले आणि तिच्या प्रार्थनेची थट्टा होऊ लागली. पुढे नवरा वारल्यावर ही राजकन्या त्याच मठात जोगीण होऊन राहायला आली आणि तिने सगळ्यांना इतके जेरीस आणले की १५७४ साली तेरेजाने आपल्या जोगिणींना तेथून सेगोव्हियाला हलवले. त्या रागाने राजकन्येने पुस्तकाची तक्रार धर्मन्यायालयाकडे केली, असे चरित्रकार सांगतात. १५७५ साली पुस्तक धर्मन्यायालयाच्या हाती गेले. तपासणाऱ्या धर्मगुरूने अभिप्राय चांगला दिला, मात्र हे पुस्तक वाटेल त्याच्या हाती देऊ नये असेही लिहिले. काही नकला बाहेर होत्या, पण तिच्या हातचे लिखाण तिच्या हयातीत तिला परत मिळाले नाही. १५८२ साली ती वारली. १५८८ साली सालामांका येथे पुस्तक छापले गेले. आज ते साऱ्या जगात वाचतात. आपण ते वाचतो म्हणजे तिची अट आपणही मोडतोच, असे माझ्या मनात आले. मग वाटले, मेलेल्या माणसाला त्याचा त्रास नाही आणि जिवंतांना उपयोग आहे. तरी वाचताना हात जोडून वाचावे.

तेरेजा दुखावली, पण रडत बसली नाही. गुपित कोणापाशी ठेवायचे आणि कसे, हे ती शिकली. १५६२ साली तिने आविलात आपला पहिला नवा मठ काढला तेव्हा घर घेतले ते बहीण आणि मेहुणे यांच्या नावाने, जणू त्यांनाच राहायला हवे आहे असे दाखवून. मठाची घंटा वाजली तेव्हाच गावाला कळले! पुढे तिच्या सुधारणेला विरोध वाढला आणि पत्रे वाटेत फोडली जाऊ लागतील असे भय उत्पन्न झाले. तेव्हा आपले मार्गदर्शक ग्रासियान यांना लिहिताना तिने टोपणनावे वापरली. स्वतःला ती कधी 'आंजेला' म्हणे, कधी 'लाउरेंसिया'. धर्मन्यायालयाचे अधिकारी म्हणजे 'देवदूत'! येशूसंघाचे काळ्या झग्यातले धर्मगुरू म्हणजे 'डोमकावळे'. इतक्या संकटात या बाईला विनोद सुचत होता, हे वाचून मला तिचा फार लोभ वाटला.

तिला जीवाला जीव देणारे मार्गदर्शकही भेटले. संत योहान हे तिच्या जुन्या मठात जोगिणींचे पापनिवेदन ऐकत. १५७७ सालच्या डिसेंबरात विरोधकांनी त्यांना रातोरात पकडून नेले आणि टोलेडो येथे सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले. पकडले गेल्यावर त्यांनी संधी साधून खोलीतले कागद फाडले आणि काही तर गिळून टाकले, अशी आठवण सांगतात. कोणाचे गुपित पोटात घालणे ते हे.

सर्वात मोठे काम म्हणजे तिने आपल्या जोगिणींसाठी निवडीची मोकळीक मागितली. मठाला एक धर्मगुरू नेमलेला असे आणि सगळ्यांनी त्यालाच मन सांगायचे अशी रीत. एखादीचे त्याच्याशी पटले नाही तर तिची घुसमट व्हायची. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने वर्षातून दोनतीन वेळा जोगिणींना दुसरा धर्मगुरू मिळावा असे ठरवले होते. तेरेजाने त्याहून पुढे जाऊन मठप्रमुख बायांना उपदेश केला की ज्यांना गरज वाटेल त्यांना दुसऱ्या विद्वान माणसाशी बोलू द्या, आडकाठी करू नका. तिच्या मृत्यूनंतर संघाच्या वरिष्ठांनी ही मोकळीक काढू पाहिली. तेव्हा आना नावाची तिची शिष्या थेट पोपपर्यंत गेली. १५९० साली पोपने तिच्या बाजूने आज्ञापत्र दिले. पण वरिष्ठांना डावलल्याबद्दल आनाला पुढे शिक्षा भोगावी लागली.

दुसऱ्या रीतीभोवती भिंत बांधायला मात्र फार काळ गेला. १८९० साली पोप तेरावे लिओ यांच्या कारकिर्दीत हुकूम निघाला की मठाच्या वरिष्ठांनी कोणालाही आपले अंतःकरण उघड करण्यास भाग पाडू नये. ज्याला सांगायचे तो आपखुशीने सांगेल. १९८३ च्या धर्मसंहितेत हे कायम राहिले. शिवाय प्रत्येकाला आपले खाजगीपण राखण्याचा हक्क आहे असे तीत आले. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारायचेच नाही, असाही नियम आहे. २०१९ साली रोमहून एक निवेदन निघाले. त्यात म्हटले आहे की आध्यात्मिक मार्गदर्शन हा जरी पापनिवेदनासारखा संस्कार नसला, तरी त्यात ऐकलेले राखून ठेवलेच पाहिजे. म्हणजे तेरेजाने जे मागितले ते असे स्पष्ट लिहून यायला साडेचारशे वर्षे लागली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंद दाराआड वाईट कामेही होतात. मार्गदर्शनाच्या निमित्ताने बायकांशी गैरवर्तन करणारे धर्मगुरू त्या काळीही होते. त्यांच्याविरुद्ध सोळाव्या शतकापासून पोपांना हुकूम काढावे लागले, आणि अशा धर्मगुरूची तक्रार करणे हे त्या बाईचे कर्तव्यच आहे असे १७४१ साली बजावले गेले. अलीकडच्या काळातही झाकलेली कितीतरी पापे उघडी पडली. मला यातून कळले ते असे: गुपित हे सांगणाऱ्याचे असते, ऐकणाऱ्याचे नसते. गप्प राहण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर आहे. जिच्यावर अन्याय झाला तिच्या तोंडाला कोणी कुलूप लावू शकत नाही.

१६२२ साली तेरेजाला संतपद मिळाले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, ज्यांचा देह गोव्याला आहे ते फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळाले. १९७० साली तिला धर्माची आचार्य ही पदवी दिली गेली. तोपर्यंत हा मान एकाही बाईला मिळाला नव्हता. ज्या बाईचे म्हणणे खरे की खोटे यावर पाचसहा पुरुष बसून खल करीत होते, ती आता त्यांच्यासारख्यांची गुरू झाली.

आता मला झोप का आली नाही ते सांगते.

माझी धाकटी झाली तेव्हा दोनतीन महिने माझे मन ठिकाणावर नव्हते. मुलीला घेतले तरी माया दाटून येत नसे, आणि आपण कसली आई, असे वाटून रडू येई. ज्यांच्या पायाशी बसून आम्ही पोथी ऐकत असू अशा एका वडीलधाऱ्या बाईंना मी हे एका दुपारी सांगितले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. चार दिवसांनी माझ्या सासूबाईंनी मुलीला माझ्यापाशी एकटे ठेवणे बंद केले. दूध पाजायलासुद्धा कोणी ना कोणी समोर बसे. त्या बाईंनी माझ्या भल्यासाठीच सांगितले होते, हे मी जाणते. पण त्यानंतर कैक वर्षे मी कोणाला काही सांगितले नाही. आजारपणसुद्धा सांगितले नाही.

एवढेच असते तर लिहिले नसते. गेल्या वर्षी आपल्याच मंडळातल्या एका भगिनीने संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर मागे थांबून मला तिच्या घरचे काही सांगितले. मला काळजी वाटली म्हणून मी ते आणखी एकीला विचारले, तिच्या भल्यासाठी. ती भगिनी त्यानंतर मंडळात आली नाही. आता तर हातातल्या मोबाइलवरून गोष्ट गावभर व्हायला तीळ भिजण्याइतकाही वेळ लागत नाही. ही स्मरणिका सभासद म्हणून तिच्या घरी जाईलच. तिने हे वाचावे. मी चुकले. तिला विचारून मग दुसरीकडे जायला हवे होते. एवढे सोपे होते, तरी मला सुचले नाही.

आपल्या मंडळात पापड लाटले जातात, भिशी चालते, भजने होतात. पण या वास्तूत खरे काम होते ते सगळ्या गेल्यावर दोघीजणी मागे राहून बोलतात तेव्हा. माझी एक सूचना आहे. वार्षिक सभेत हिशेब वाचून झाल्यावर आपण सर्वांनी मिळून ठरवावे की येथे ऐकलेले, सांगणारीला विचारल्यावाचून, उंबऱ्याबाहेर नेणार नाही. त्यासाठी ना वर्गणी लागते, ना ठराव छापावा लागतो. धर्मराजाचा शाप खोटा पाडायला एवढे पुरे आहे.

— मंडळाची एक सभासद